मेणातली वीस मिनिटं

क्लिनिकच्या जिन्याशी एक माणूस छत्रीशी झगडत उभा होता.

सप्टेंबर संपत आला होता. परतीचा पाऊस गंगापूर रोडवर आडवा कोसळत होता, रिक्षा पाणी उडवत जात होत्या, आणि हा उंच, दाढी वाढलेला माणूस एकट्या डाव्या हातानं छत्री मिटायला बघत होता. उजवा हात नुसता खाली लोंबत होता. बोटं सुजलेली, कातडी पांढुरकी, सोललेली… प्लास्टर कालपरवाच निघालंय, हे मला दहा पावलांवरून कळलं.

मी छत्री त्याच्या हातातून काढून घेतली, मिटली आणि त्याला चांगलंच सुनावलं. हात असा खाली सोडून हिंडतात का? सूज उतरणार कशी? वर धरा, छातीशी. ओळख ना पाळख, पण फिजिओथेरपिस्टला ही सवय लागतेच. रस्त्यात कुणी लंगडताना दिसलं तर आमची नजर आधी गुडघ्यावर जाते, मग चेहऱ्यावर.

त्यानं निमूटपणे हात छातीशी धरला.

"ताई," तो म्हणाला, "हाई छत्री मनं काईच ऐकस नही."

आता मी चेहऱ्याकडे नीट पाहिलं. अंगातलं जॅकेट, पायातले बूट, उभं राहायची ढब, सगळं परदेशी… आणि तोंडात सटाण्याच्या बाजारातली अहिराणी. माझ्या आईचं माहेर बागलाणातलं, त्यामुळे ती भाषा मला आजोळची वाटते. पण ती अशी अस्सल बोलणारी माणसं साठीच्या पुढची असतात. हा तिशीतला होता. मला हसू आलं, ते मी वळून जिन्यात हसले.

दहा मिनिटांनी ॲप्रन घालून मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. सुनील देवरे. तोच आत आला, हात अजून छातीशी.

कागदोपत्री सुनील, पण सगळे सनी म्हणतात, असं त्यानं सांगितलं. राहणार टोलेडो, ओहायो, अमेरिका. सध्या मुक्काम गंगापूर रोडलाच, उज्वला आत्याकडे. ऑगस्टमध्ये सटाण्याजवळच्या मूळ गावी कांदे साठवायच्या चाळीवर चढला होता, वरून शेत कसं दिसतं ते बघायला, आणि तिथून मनगटावर पडला. मी मूठ वळायला सांगितली. बोटांची टोकं तळव्यापासून चार सेंटिमीटरवर येऊन थांबली. पुढे जाईनात. मी पट्टीनं मोजून फाइलमध्ये आकडा लिहिला, आणि मग फॉर्मवर डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात लिहिलेला व्यवसाय वाचला. चित्रकार.

कसली चित्रं, मी विचारलं. माणसांचे चेहरे, तो म्हणाला. पुस्तकांसाठी काढतो, आणि मोठ्या भिंतींवर लावायला काढतो.

हातातली पट्टी मी क्षणभर टेबलावर ठेवली. असे हात मी सहा वर्षं बघत होते. त्यातले काही पुन्हा पूर्ण मिटत नाहीत. डबा उघडता येतो, गाडी चालवता येते, पण बारीक काम… तो विचारत होता, किती दिवस लागतील. मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, की ते तुमच्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी तो आला तो विचारूनच, की कालचं 'ताई' परत घेता येतं का.

"का?"

"आत्या म्हणाली, ताई म्हणजे बहीण."

"बरोबर आहे. मग?"

"मग परत घेतो," तो म्हणाला.

मी त्याचा हात मेणात बुडवला, जरा घाईनंच.

आखडलेल्या हाताला आमच्याकडे मेणाचा शेक देतात. चौकोनी भांड्यात मेण वितळवून ठेवलेलं असतं. हात त्यात आठ-दहा वेळा बुडवायचा, दर वेळी एक पापुद्रा चढतो. मग प्लास्टिक, त्यावर टॉवेल, आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. तेवढ्या वेळात सांधे सैल होतात, मग व्यायाम. बाकीचे पेशंट त्या वीस मिनिटांत मोबाइल बघतात. सनी बोलायचा. मलाही त्याच वेळी त्याच्या शेजारच्या कपाटात काहीतरी शोधायचं असायचं.

त्याचं मराठी ऐकायला मजा यायची. वडील काचेच्या कारखान्यात इंजिनियर, आई नर्स, दोघंही दिवसभर बाहेर. म्हणून तो दोन वर्षांचा असताना आजीला, कुसाबाईंना, सटाण्याहून तिकडे नेलं होतं. घरात आजी आणि तो. तिची भाषा तीच त्याची भाषा झाली. आजी त्याला 'तू' म्हणायची, म्हणून तोही सगळ्यांना 'तू' म्हणायचा. आमच्या क्लिनिकचे प्रमुख प्रफुल्ल सर, ज्यांना त्यांची बायकोसुद्धा लोकांपुढे सर म्हणते, त्यांना सनीनं पहिल्याच भेटीत "तू जेवला का?" विचारलं. सर इतके गोंधळले की खरंच काय जेवले ते सांगून बसले.

मेणाच्या त्या वीस-वीस मिनिटांत मला त्याचं सगळं आयुष्य तुकड्यातुकड्यानं कळलं. शाळेत तो बाकांवर मास्तरांचे चेहरे काढायचा. चित्रकलेचं कॉलेज झालं, पण काम मिळेना. मग एका वर्तमानपत्रानं कोर्टात बसवलं. तिकडच्या काही कोर्टांत कॅमेरा न्यायला बंदी असते. म्हणून चित्रकार कोपऱ्यात बसून आरोपी, वकील, जज यांची चित्रं काढतो आणि संध्याकाळी तीच बातमीसोबत छापतात. दहा मिनिटांत माणूस कागदावर यायला हवा. सनीनं हे सहा वर्षं केलं. त्याला वाईट एवढंच वाटायचं, की तो सगळ्यांना त्यांच्या सगळ्यात वाईट दिवशी बघत होता.

एका खटल्यात आरोपीची आई रोज तिसऱ्या रांगेत येऊन बसायची. तिचं चित्र कुणी मागितलं नव्हतं, पण त्यानं ते काढलं, मुलाकडे बघत असलेली. ते छापून आलं. मुलाला शिक्षा झाली. दोन महिन्यांनी त्या बाईचं पत्र आलं, ते चित्र मला द्याल का म्हणून. सनी स्वतः गाडी चालवत तिच्या घरी जाऊन देऊन आला. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं, की हे आपलं काम आहे.

पुढे मुलांची चित्रपुस्तकं मिळाली. मग ज्यांच्या कोर्टात तो बसायचा त्या एका जजनं निवृत्त होताना आपलं तैलचित्र त्याच्याकडून करून घेतलं, ते बघून दुसऱ्यानं, मग कॉलेजच्या अध्यक्षांनी, मग हॉस्पिटलच्या प्रमुखांनी. तिकडे त्याचं नाव झालं ते हातांमुळे. बाकीचे चित्रकार हात कोटाच्या खिशात लपवतात म्हणे, किंवा पुस्तकाखाली. हा समोर ठेवायचा, सरळ, देखणे. गिऱ्हाईक खूश. "सगळ्यांचे हात मी चांगले करून द्यायचो," तो म्हणाला, आणि टॉवेलमधल्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

फक्त आजीचं चित्र राहून गेलं. ती बसायलाच तयार नसायची. भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो लावतात, "मी काय मरी गऊ का?" असं म्हणून उठून जायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता एका प्रकाशकानं आजी-नातवाच्या गोष्टीचं चित्रपुस्तक दिलं होतं, म्हणून तो तिचं गाव बघायला आला होता. एकही चित्र व्हायच्या आत चाळीवरून पडला.

आणि फेब्रुवारीत आणखी एक जज बाई निवृत्त होणार होत्या. त्यांचं चित्र त्यालाच करायचं होतं. हात मोडलाय हे त्यानं तिकडे कळवलंच नव्हतं.

चाराचे तीन झाले. तिनाचे अडीच. तो व्यायामाला कधी कुरकुरला नाही. बोट मागून दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं, "लई दुखी ऱ्हायनं" एवढंच म्हणायचा, आणि मी थांबले की म्हणायचा, थांबू नको. फक्त एका गोष्टीला नकार. मी पेन्सिल पुढे केली की तो हात मागे घ्यायचा. एक दिवस मी जाड खडू आणि मोठा कागद ठेवला, चित्र नको, रेघा मारा म्हटलं, तरी नाहीच.

"वाईट रेघ आली तर?" तो म्हणाला.

"येईलच. वाईटच येणार आहे."

"मला वाईट काढता येत नाही. कधी काढलं नाही."

"मग शिका. समोर मी बसते. मला जेवढं वाईट काढता येईल तेवढं काढा. हा व्यायाम आहे, मी फाइलमध्ये लिहिणार आहे."

त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग खडू घेतला. दहा मिनिटांत कागदावर जे उतरलं ते खरंच वाईट होतं. एक थरथरती कवटी, दोन वेण्यांसारखं काहीतरी, आणि नाक कुठल्या कुठे. त्याचा चेहरा उतरला. तो कागद फाडायला गेला, तर मी ओढून घेतला, तारीख घातली आणि त्याच्या फाइलला लावला. पेशंटचं रेकॉर्ड फाडता येत नाही, असा नियम सांगितला.

"हे पेशंटचं नाही. हे तू आहेस."

"दिसत तर नाही," मी म्हणाले, आणि तो प्लास्टर निघाल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

मग ते रोजचंच झालं. मेण, व्यायाम, आणि शेवटी दहा मिनिटं मी खुर्चीत. खडूची पेन्सिल झाली. रेघ सावरायला लागली. दिवाळीपर्यंत फाइलमध्ये वीसेक कागद जमले. मी ते फक्त तारखेसाठी बघत होते, असं मी स्वतःला सांगत होते. त्या दिवसांत मलाही एक पत्र आलं होतं. इगतपुरीला एक संस्था उशिरा चालायला लागणाऱ्या मुलांसाठी उपचार केंद्र काढत होती. मी अर्ज केला होता आणि माझी निवड झाली होती. जानेवारीपासून रुजू व्हायचं. ही बातमी मी घरी सांगायच्या आधी सनीला सांगितली, आणि मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

दिवाळीनंतर प्रफुल्ल सर सगळ्या फाइली तपासायला बसले. सनीची फाइल त्यांनी शेवटपासून पहिल्यापर्यंत उलटली, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी शेजारी उभी होते. तेव्हा मला ते कागद एकापाठोपाठ एक दिसले. कवटीचा चेहरा झाला होता, चेहऱ्याची मी झाले होते. आणि शेवटच्या पाच-सहा कागदांवरची ती बाई समोरच्याकडे ज्या नजरेनं बघत होती… आरशात मी तशी कधी दिसले नव्हते.

"चैताली, रेषा छान सुधारली आहे," सर म्हणाले. मग चष्मा काढला. "पण हे रेकॉर्ड त्याच्या हाताचं आहे, की तुझं?"

ते रागावले नव्हते. मी फाइल मिटून कपाटात ठेवली.

मी त्या संध्याकाळी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सनीला सांगितलं, की उद्यापासून तुमची केस सर बघतील. ते अनुभवी आहेत, शेवटचा टप्पा अवघड असतो. त्यानं विचारलं, मी काही चुकलो का. नाही म्हटलं. त्यानं फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बरं म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. सर रोज त्याच्या वेळेला, सव्वापाचला, दाराकडे बघायचे आणि पुढच्या पेशंटला बोलवायचे. मला आठवण येत होती हे खरं, पण त्याहून वेगळी भीती होती. या टप्प्यावर आठवडाभर व्यायाम बुडाला तर हात पुन्हा आखडतो, आणि दुसऱ्या वेळी तो तितका ऐकत नाही. तिकडे फेब्रुवारी जवळ येत होता. माझ्या एका अर्धवट वाक्यापायी एका चित्रकाराचा हात जाणार असेल तर ते मला आयुष्यभर पुरलं असतं. सहाव्या दिवशी मी फॉर्मवरचा पत्ता काढला आणि उज्वला आत्यांच्या घरी गेले.

आत्या निवृत्त शिक्षिका, पांढऱ्या केसांच्या, टापटीप. मला बघून त्यांना आनंद झाला. सनीच्या तोंडी रोज माझंच नाव असायचं म्हणे. आता मात्र खोलीतून बाहेर येत नाही, तिकीट अलीकडचं करून घेतलंय, रविवारी निघतो म्हणतो. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, पूर्ण नाव विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं. चैताली गांगुर्डे, पप्पा पोस्टातून निवृत्त झाले, आई गृहिणी, मी सांगितलं. मग त्या जरा थांबल्या.

"गांगुर्डे म्हणजे… कुठले?"

हा प्रश्न मी शाळेपासून ओळखते. तो गावाचा प्रश्न नसतो.

"आम्ही बौद्ध, आत्या."

"नाही गं, मी त्यासाठी नव्हतं विचारलं," त्या घाईनं म्हणाल्या. मी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. आत्यांनी साडीचा पदर सारखा केला, मग हात मांडीवर ठेवले.

"खरं सांगू? त्यासाठीच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं वर्गात मुलांना नको ते विचारू नका म्हणून शिकवलं, आणि स्वतः विचारते. वाईट सवय आहे. मनावर घेऊ नकोस म्हणणार नाही, घेच. पण आत जा. तो बाल्कनीत आहे."

बाल्कनीच्या दारातच उघडी बॅग होती. डाव्या हातानं कपडे कोंबलेले. सनी कठड्याला टेकून उभा होता. मी म्हटलं, सहा दिवस झाले, हात दाखवा. त्यानं दाखवला नाही. म्हणाला, त्याला वाटलं चित्रं बघून मला राग आला असेल. माणसाकडे न विचारता इतकं बघायचं नसतं, हे कोर्टात पहिल्या दिवशी शिकवतात. तो विसरला होता.

"राग नाही आला."

"मग सरांकडे का दिलं?"

मी कठडा धरला. खाली भाजीवाला ओरडत होता, कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आणि मला वाटत होतं हे सगळे आवाज जरा वेळ थांबावेत… किंवा थांबूच नयेत.

"मी पेशंटचा हात हातात घेते तेव्हा कोन मोजते," मी म्हणाले. "बोट किती वाकलं, मनगट किती वळलं. सहा वर्षं तेच करते. तुझा हात घेतला की शेवटचे पंधरा दिवस मी मोजायलाच विसरत होते. मग फाइलमध्ये अंदाजानं लिहीत होते. अशी बाई पेशंटच्या काही कामाची नसते. म्हणून सोडली केस. हात बरा व्हावा म्हणून."

आपण 'तुझा' म्हणालो, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

तो कठडा सोडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "अर्धं समजलं."

"कुठलं अर्धं?"

"ते कोनाचं नाही समजलं. दुसरं समजलं."

"दुसरं काही मी बोललेच नाही."

"हो," तो म्हणाला. "तेच समजलं."

मी खाली बघितलं. त्यानं उजवा हात कठड्यावर माझ्या हाताशेजारी ठेवला, लावला नाही.

"तू माले आवडस," तो अगदी हळू म्हणाला. "आजी हे भाकरीबद्दल म्हणायची, गाईबद्दल म्हणायची. माणसाला म्हणतात का, माहीत नाही. नाशिकच्या मराठीत काय म्हणतात?"

"असंच म्हणतात," मी म्हणाले. "यात काही बदलावं लागत नाही."

मग मी त्याचा हात घेतला. दीड सेंटिमीटरवर आलेलं अंतर पुन्हा दोन झालं होतं, ते मला पट्टीशिवाय कळलं. रविवारचं तिकीट रद्द कर आणि उद्या सव्वापाचला सरांपुढे हजर हो, असं मी सांगितलं. तो म्हणाला, आणि सव्वासहाला? सव्वासहाला मी क्लिनिकमधून सुटते, मी म्हटलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा आत्यांनी तीन कप चहा टेबलावर मांडून ठेवला होता आणि त्या मधल्या खुर्चीत बसून आमची वाट बघत होत्या.

महिनाभर तो रोज सव्वासहाला जिन्याशी उभा असायचा. आम्ही गंगापूर रोडनं चालायचो, चहा प्यायचो, तो बोटानं हवेत माझ्या नाकाची रेघ काढायचा आणि मी त्याला रस्त्याकडे बघ म्हणायचे. एका रविवारी मी त्याला घरी नेलं. पप्पांना त्यानं सरळ "तू पोस्टात किती वर्षं होतास?" असं विचारलं. आईनं जीभ चावली. पप्पा मात्र हसले आणि पत्रांच्या गोष्टी सांगत बसले. तो गेल्यावर पप्पांनी मला गच्चीवर बोलावलं. तुला तिकडे जायचंय का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. इगतपुरीची मुलं मला सोडायची नव्हती.

"मग तो इकडे राहणार का, हे त्याला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. नाही म्हणाला तर काय, म्हणून विचारलं नव्हतं.

ते मी डिसेंबरात त्याच्या निघायच्या आदल्या दिवशी विचारलं. तो लगेच हो म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. त्यानं सांगितलं, जज बाईंचं चित्र करायचंय, त्याचं नाव, त्याची गिऱ्हाइकं, आईवडील सगळं तिकडे आहे. इकडे तो कोण असेल ते त्याला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की जूनपर्यंत परत येऊन बघेल. सरांनी शेवटचं माप घेतलं ते अर्धा सेंटिमीटर होतं. तेवढं राहील म्हणाले, कायमचं. सनीनं अर्धवट मिटलेली मूठ माझ्यापुढे धरली आणि एवढ्यात ब्रश मावतो म्हणाला.

तो गेला. मी इगतपुरीला रुजू झाले. संध्याकाळी फोनवर तो मला त्या जज बाईंबद्दल सांगायचा. बाईंची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती आणि त्यांनी आधीच बजावलं होतं, की चित्रात सरळ करा. पूर्वी त्यानं काही न बोलता केली असती. या वेळी त्यानं त्यांना विचारलं, कुठलं बोट दुखतं, किती दिवसांपासून, सकाळी जास्त की रात्री. मी त्याला विचारायचे ते सगळं. बाई दोन तास स्वतःच्या हातांबद्दल बोलल्या; कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. त्यानं हात जसे होते तसे काढले. चित्र बघून बाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, हेच लावा.

"आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र," तो फोनवर म्हणाला. "पण माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना आवडणार नाही बहुतेक." त्याचा आवाज मात्र खुशीत होता.

जून गेला. तो आला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि थेट इगतपुरीला. स्टेशनजवळ रेल्वेतून निवृत्त झालेल्या भिकनकाकांची वरची खोली त्यानं भाड्यानं घेतली. आजीच्या पुस्तकाची चित्रं तिथं बसून करायची आणि जोडीला माणसं रंगवायची, कुणी न सांगितलेली. भात लावणाऱ्या बायका, स्वतः भिकनकाका, माझ्या केंद्रात नातीला घेऊन येणाऱ्या एक झुंबरआजी. सगळं ठीक होतं, फक्त इगतपुरीचा पाऊस त्याला कुणी सांगितला नव्हता. तो एकदा सुरू झाला की दिवसरात्र थांबत नाही. कपडे वाळत नाहीत, काडी पेटत नाही, भिंतींना बुरशी येते. सनीचे कागद फुगले. आणि तैलरंग… महिना झाला तरी झुंबरआजींचा गाल ओलाच, सनीच्या भाषेत वल्लाच. बोट लावलं की बोटाला यायचा.

मला तो विनोद वाटला नाही. रोज संध्याकाळी खोलीत जाऊन मी ती ओली चित्रं बघायचे आणि मनात म्हणायचे, हा कंटाळणार. आधी नाशिकला जाईल, मग आणखी कोरड्या जागी, मग तिकडे, जिथं सगळं वेळेवर वाळतं. शेवटी हे त्यानं बोलण्यापेक्षा आपणच बोलावं, असं मी ठरवलं. ऑगस्टमधल्या एका रविवारी उज्वला आत्या पप्पांना गाडीत घेऊन आल्या होत्या, आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं, त्याची नोटीस रजिस्ट्रारकडे कधी द्यायची ते बघायला. गाडीत दोघांची चांगली गट्टी जमली होती. तेव्हा सगळ्यांसमोर मी सनीला म्हटलं, इथं तुझं काम होत नाही, तू आत्यांबरोबर नाशिकला जा. तिथं ऊन असतं. तारीख काय, ती नंतर ठरवू.

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

सनी उठला. त्यानं भिंतीला लावलेली चित्रं एकेक करून उचलली, ओली बाजू कशाला लागणार नाही अशी जपून, आणि जिना उतरून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायला लागला. झुंबरआजी, भिकनकाका, लावणीतल्या बायका. पाच खेपा झाल्या. मी खिडकीत उभी राहून मोजत होते. सगळ्यात शेवटी त्यानं गाडीचं दार लावलं आणि पावसात भिजत वर आला.

"आत्या, त्यांना ऊन दाखव," तो म्हणाला. "वाळली की सांग, मी येऊन घेऊन जाईन. पप्पा, तू मात्र पुढे बस, मागे रंग ओला आहे."

"आणि तू?" आत्यांनी विचारलं.

त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. तो माझ्या शेजारी खिडकीत येऊन उभा राहिला आणि अर्धवट मिटणाऱ्या मुठीत त्यानं माझा हात धरला.

"चित्रांना वाळू दे," तो म्हणाला. "मी वल्लाच बरा."